नवी भाजी आधी ताटाच्या डावीकडे

"मला भाज्या आवडतच नाहीत" असं म्हणणारा माणूस बटाट्याची भाजी, मटार उसळ आणि कोथिंबीर वडी मात्र आवडीने खात असतो. म्हणजे भाजी हा सगळा प्रकारच त्याला नको असतो असं नाही. नको असते ती एखादी ठरावीक गोष्ट. कारल्याचा कडूपणा, भेंडीची तार, शेपूचा उग्र वास, दुधीचा गिळगिळीतपणा, सुरणाने घशाला सुटणारी खाज. यातली आपली तक्रार नेमकी कोणती हे कळलं की तिच्यावर स्वयंपाकघरात इलाज असतो, आणि तो दर भाजीला वेगळा असतो.

दुसरी अडचण प्रमाणाची. जी भाजी कधी खाल्लेली नाही ती पोळीबरोबर वाटीभर समोर आली की पहिल्या घासाआधीच पोटात गोळा येतो. आपल्या पारंपरिक ताटात यावर सोय आहे. डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं असं चमचाभर वाढायचं, उजव्या बाजूला पोटभरीची भाजी आणि आमटी. नवी भाजी आधी डावीकडे येऊ द्या. चटणी, काप, काचऱ्या, भजी किंवा कोशिंबीर या रूपात, एक-दोन घासांपुरती. तिथे रुळली की मग उजवीकडे.

पुढचं सगळं मोठ्या माणसांसाठी लिहिलं आहे. लहान मुलांनाही त्यातलं बरंचसं लागू पडतं, पण पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना नवं अन्न नको वाटणं हा वाढीचाच भाग असतो, त्यांच्याबाबतीत घाई आणखी कमी करावी.

आधी तक्रार ओळखा

एक घास तोंडात घ्या आणि नाक चिमटीत धरून चावा. नाक बंद असताना भाजी चालून गेली आणि सोडल्यावर नकोशी झाली, तर तक्रार वासाची आहे. नाक बंद असूनही कडू किंवा तुरट लागली, तर ती जिभेची. चव आणि वास दोन्ही सोसले, पण चावताना अंगावर काटा आला, तर ती पोताची, म्हणजे बुळबुळीत, पचपचीत, दोरेदार लागण्याची. वहीत प्रत्येक भाजीपुढे एकच शब्द लिहा. "आवडली नाही" असं लिहू नका, त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. "तार", "वास", "बिया", "कडू" असं लिहा. पाच-सहा भाज्या झाल्या की बहुतेकांच्या वहीत दोनच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

जिभेची तक्रार खरी असते, नखरे नसतात. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ एक पूड बाटलीत भरत असताना ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, खुद्द फॉक्सला तिची काहीच चव कळली नाही. हा फरक जन्मजात असतो, हे पुढे सिद्ध झालं. कोबी, मुळा, नवलकोल, मोहरीचा पाला या एका कुळातल्या भाज्यांचा कडवटपणा काहींना इतरांपेक्षा जास्त जाणवतो, त्याचं एक कारण हेच. पण जास्त जाणवणं म्हणजे कधीच न आवडणं नव्हे. अशा जिभेला फक्त कडूपणा उतरवण्याची तयारी जास्त करावी लागते.

चव घ्यायची रीत

एका वेळी एकच भाजी निवडा आणि तिला महिनाभर द्या, आठवड्यातून दोनदा. एखादं अन्न सरावाचं व्हायला साधारण आठ ते पंधरा वेळा त्याची चव घ्यावी लागते. बहुतेक लोक दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच "नाही बुवा जमत" म्हणून सोडून देतात, आणि मग पुढची वीस वर्षं ती भाजी ताटात येत नाही.

पहिल्या वेळेला वाटाण्याएवढा तुकडा पुरे. तो हुंगा, ओठांना लावा, चावा. गिळवला नाही तर रुमालात काढून टाकायची मुभा स्वतःला आधीच देऊन ठेवा. सुटकेचा रस्ता माहीत असला की तोंड घट्ट मिटत नाही. दोन-तीन वेळा चावून झालं की गिळायला जमतं. मग एक चमचा, मग दोन, मग पाव वाटी.

जेवायला बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत चव घ्या, थोडी भूक असताना. शेवटी ठेवली तर पोट भरलेलं असतं आणि नकोसेपणा वाढतो. फार भुकेजल्यावरही नको, तेव्हा चिडचिड जास्त असते. पाण्याबरोबर गोळीसारखी गिळू नका, त्यातून जीभ काहीच शिकत नाही. पोळीत गुंडाळून, दह्यात बुडवून, तुपाचा थेंब सोडून खाल्लं तर हरकत नाही. आजारपणात, मळमळत असताना किंवा प्रवासात प्रयोग करू नका. त्या दिवशी पोट बिघडलं तर बिनकारण त्या भाजीचीच शिसारी बसते, आणि ती काढायला फार वेळ लागतो.

तीच भाजी तीन वेळा त्याच पद्धतीने करा. चौथ्या वेळी एकच गोष्ट बदला: तुकड्याचा आकार, किंवा मसाला, किंवा शिजवण्याची पद्धत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय जमलं ते समजत नाही.

भाजी मिक्सरमधून काढून पराठ्यात किंवा आमटीत लपवण्याची युक्ती सगळेच सुचवतात. पोषणासाठी ती ठीक आहे. पण जी भाजी दिसली नाही, चावली नाही, ती पोटात जाते, ओळखीची होत नाही. थालीपीठात घालायची तर चिरून घाला, हिरवा तुकडा दिसू द्या.

कडू: कारलं

कारल्याची सुरुवात काचऱ्यांनी करावी. भरलेलं कारलं आणि रसभाजी नंतर.

बाजारात लांब, फिकट हिरवी, रुंद कंगोऱ्यांची कारली घ्या. लहान, गडद हिरवी, टोकदार काट्यांची कारली साधारणपणे जास्त कडू असतात. पिवळसर पडलेलं घेऊ नका, ते मऊ पडतं. पाव किलो कारली धुवून वरचे कंगोरे सुरीने हलके खरवडा. उभी चिरून बिया आणि आतला पांढरा गर चमच्याने काढा. मग आडव्या दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ फोडी करा. जाड झाल्या तर बाहेरून करपतात आणि आतून कडू, मऊ राहतात.

एक चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा. मिठामुळे फोडींना पाणी सुटतं आणि त्याबरोबर कडूपणाचा काही भाग जातो. मूठ घट्ट आवळून पिळा, एकदा पाण्यातून काढा, पुन्हा पिळा. हे दुसरं पिळणं बहुतेक जण गाळतात. मग काचऱ्या खारटही होतात आणि कुरकुरीतही होत नाहीत.

लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल तापवा. मोहरी, हिंग, हळद घालून फोडी टाका. मध्यम आचेवर झाकण न ठेवता बारा ते पंधरा मिनिटं परता, दर दोन मिनिटांनी खालच्या वर करा. फोडी आधी मऊ पडतील, मग कडेने तांबूस होऊन आक्रसतील, उलथन्याला लागून खडखड असा कोरडा आवाज येईल. तो आवाज आला की अर्धा चमचा तिखट, एक मोठा चमचा तीळकूट, दोन मोठे चमचे भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं आणि एक चमचा किसलेला गूळ घाला, मिनिटभर हलवून उतरवा. गूळ आधी घातला तर जळतो आणि स्वतःच कडवट होतो. चिंचेचा कोळ इथे घालू नका, काचऱ्या मऊ पडतील. आंबट हवं तर वाढताना चिमूटभर आमचूर भुरभुरा. मीठ चाखून मगच घाला, आधीचं बरंच आत मुरलेलं असतं.

कढईत गर्दी झाली की फोडी स्वतःच्याच वाफेवर शिजतात. पाव किलोपेक्षा जास्त असतील तर दोन घाण्यांत करा. मीठ, गोड आणि स्निग्ध यांनी जिभेला लागणारा कडूपणा दबतो, म्हणून या काचऱ्या वरण-भात आणि तुपाबरोबर पहिल्यांदा चाखाव्यात. परदेशात मिळणाऱ्या गोठवलेल्या कारल्याच्या चकत्यांच्या काचऱ्या होत नाहीत. वितळताना त्या इतकं पाणी सोडतात की कुरकुरीत होणं अशक्य. त्यांची चिंच-गुळाची भाजी करा, पण ती दुसऱ्या टप्प्यावर.

ज्यांना कारल्याचं रूपही नको वाटतं, त्यांनी पावसाळ्यात कर्टोली घ्यावीत. कंटोळी, रानकारली ही त्याचीच नावं. दिसायला छोटं काटेरी कारलं, चवीला कडू नाही. हिरवी, घट्ट निवडा. पिवळी पडलेली पिकलेली असतात, बिया टणक होतात. पातळ काप करून कांद्यावर परतली की दहा-बारा मिनिटांत होतात.

मेथीचा कडवटपणा त्यामानाने सोपा. फक्त पानं घ्या, देठ नकोत. पीठ पेरून करा: दोन वाट्या चिरलेल्या मेथीला तीन-चार मोठे चमचे बेसन. मुंबईकडे मुळांना रेती चिकटलेल्या छोट्या जुड्या मिळतात ती समुद्रमेथी कोवळी असते, तिच्यापासून सुरुवात केली तर बरं. मात्र वाळू निघायला ती चार-पाच पाण्यांतून काढावी लागते.

जीभ कडू म्हणते आणि ती बरोबर असते

कारलं कडूच असतं. दुधी, दोडका, काकडी मात्र कडू असता कामा नये. या भाज्यांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढतात आणि ती शिजवून जात नाहीत. दुधी, दोडका किंवा काकडी चिरली की कच्चा छोटा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि ते फळ अख्खं फेकून द्या. मीठ लावून, पिळून, मसाला वाढवून वापरू नका. कडू दुधीचा रस प्यायल्यावर पोटात कळा, उलट्या, जुलाब आणि रक्तदाब घसरण्यापर्यंत वेळ आलेली आहे, माणसं दगावलीही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांचा गट नेमून याचा अभ्यास केला होता. असा रस पोटात जाऊन त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा. खाण्यात चोखंदळ असलेल्या माणसाला घरात "कडू तर कडू, खाऊन टाक" असं ऐकायची सवय असते. या तीन भाज्यांच्या बाबतीत ते कधीही ऐकू नका.

गिळगिळीत आणि बुळबुळीत

भेंडीची तार पाण्यात विरघळते आणि पाण्यानेच वाढते. म्हणून धुवायची ती चिरण्याआधी, आणि धुतल्यावर फडक्यावर पसरून तासभर पूर्ण कोरडी होऊ द्यायची. सुरी, पाट, हात सगळं कोरडं. एक सेंटिमीटरचे तुकडे करा, फार बारीक चिरली तर तेवढी जास्त तार सुटते. पसरट कढईत तेल चांगलं तापल्यावर टाका, झाकण ठेवू नका, पहिली पाच मिनिटं कमीत कमी हलवा. नंतर तीन-चार आमसुलं घाला, आंबटाने तार तुटते. मीठ अगदी शेवटी. आधी घातलं की पाणी सुटलंच. गोठवलेली चिरलेली भेंडी वितळू न देता तशीच गरम तेलात टाका.

तार अजिबात सोसत नसेल तर पहिली पायरी कुरकुरीत भेंडीची. पाव किलो भेंडीचे उभे चार-चार तुकडे, त्यावर दोन मोठे चमचे बेसन, एक मोठा चमचा तांदळाचं पीठ, तिखट, हळद, आमचूर. पाणी न घालता चोळा आणि लगेच तळा. मीठ तळल्यावर भुरभुरा.

दोडक्यासाठी मात्र भाजीच्या आधी एक सुरेख वाट आहे, शिरांची चटणी. ज्याला दोडक्याचा मऊ गर नको वाटतो त्यालाही ही आवडते, कारण तिच्यात गर नसतोच. अर्धा किलो दोडक्याच्या शिरा सोलून घ्या (दोडका कडू नाही हे आधी पाहून). साल फार जाड असेल तर बारीक चिरा. दोन चमचे तेलावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परतत राहा, शिरा गडद हिरव्या होऊन कडेला खरपूस व्हायला हव्यात, बोटांनी मोडल्या तर कट्कन तुटाव्यात. मग त्यातच दोन मोठे चमचे तीळ, पाव वाटी किसलेलं सुकं खोबरं, चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या घालून तीन-चार मिनिटं परता. मीठ, चिमूटभर साखर. गार झाल्यावर मिक्सरवर एक-दोन झटक्यांत जाडसर फिरवा. गरम असताना फिरवली तर वाफेने तिचा लगदा होतो. चमचाभर चटणी भाकरीबरोबर चार वेळा खाल्ली की दोडक्याची चव तोंडाला माहीत होते. मग त्याच दोडक्याचा गर हरभऱ्याच्या भिजवलेल्या डाळीवर परतून करा, डाळीमुळे चावायला काहीतरी मिळतं.

दोडक्याचा चुलतभाऊ घोसाळं. त्याची भाजी पुष्कळांना नको असते, पण पातळ चकत्यांची भजी कुणी नाकारत नाही. पडवळाच्या चकत्या बेसन लावून तव्यावर, वांग्याचे सेंटिमीटरभर जाड काप रव्यात घोळवून तव्यावर, असंच बाकीच्यांचं. वांगं वजनाला हलकं आणि तुकतुकीत घ्या, जड वांग्यात बिया भरलेल्या असतात, आणि तक्रार पुष्कळदा त्या बियांचीच असते.

वास

शेपूचा वास त्याच्या तेलकट द्रव्यांचा, उघड्या कढईत तो बराच उतरतो. सुरुवातीला दोन वाट्या थालीपिठाच्या भाजणीत दोन मोठे चमचे चिरलेला शेपू पुरे. ते जमलं की पाऊण वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा, सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्यांची खमंग फोडणी करा, डाळ पाच मिनिटं परता, थोडं पाणी शिंपडून बोटचेपी शिजवा आणि मग एक वाटी चिरलेला शेपू घालून झाकण न ठेवता सहा-सात मिनिटं परता. वरून दोन चमचे दाण्याचं कूट. दर वेळी शेपू थोडा वाढवा आणि डाळ थोडी कमी करा. शेपू-पालक निम्मेनिम मिसळला तरी चालतं.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा यांचं उलट आहे. हे जितके जास्त शिजतात तितका त्यांचा गंधकाचा वास वाढतो. खानावळीतला कोबी नको वाटतो तो यामुळे, तो तासन्तास गरम राहिलेला असतो. बारीक उभा चिरलेला कोबी मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटंच परता, दाताखाली करकरला पाहिजे. मुळा कच्चा किसून, थोडं मीठ लावून दहा मिनिटांनी पिळा आणि गोडसर दह्यात कालवा, फोडणी द्या. परदेशात राहणाऱ्यांना ब्रोकोली आणि ब्रसेल्स स्प्राउट्स रोज भेटतात. तीही याच कुळातली. उकडण्याऐवजी तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसवर वीस-पंचवीस मिनिटं, कडा तपकिरी होईपर्यंत भाजा.

खाज: सुरण आणि अळू

या दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला आणि हाताला टोचतात. पूर्ण शिजवणं आणि आंबट घालणं, हे दोन्ही करावं लागतं. नुसतं एक केलं तर खाज राहते.

हाताला तेल लावून सुरण सोला, साल जाड काढा. पाव किलोचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करून चार-पाच आमसुलं आणि मीठ घातलेल्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा. सुरी अडखळल्याशिवाय आरपार गेली पाहिजे. अडखळली तर आणखी दोन-तीन मिनिटं. ते पाणी टाकून द्या, रश्श्यात वापरू नका. काप निथळून तिखट, हळद, थोडी चिंच चोळा, रव्यात घोळवा आणि तव्यावर दोन्हीकडून चार-चार मिनिटं तळा. बटाट्याचे काप आवडणाऱ्याला ही उडी अगदी छोटी वाटते.

अळूत वडीचं आणि भाजीचं असे प्रकार आहेत. विकणाऱ्या बाईंना तसं सांगूनच घ्या, वडीचं अळू जाड पानाचं, काळपट देठाचं असतं. आठ-दहा मध्यम पानांना दोन वाट्या बेसन, पाव वाटी घट्ट चिंचेचा कोळ, पाव वाटी गूळ. मागच्या शिरा काढा, पीठ लावून घट्ट गुंडाळा, वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, पूर्ण गार झाल्यावर कापून तळा. फदफदं नंतर, कारण त्यात आंबट-गोड चव आवडली तरी पोत बुळबुळीत असतं. वहीत "तार" लिहिलेल्यांनी तर ते बरंच पुढे ढकलावं.

घशाला हलकी खाज सुटली तर आमसूल चोखा, थोडं दही खा. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या तर ती ॲलर्जी असू शकते. त्या भाजीचा प्रयोग तिथेच बंद आणि ताबडतोब डॉक्टर. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू, सुरण, पालक खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्या आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी कारलं रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

घरची माणसं

आपल्याकडे वाढण्यात प्रेम असतं आणि प्रेमात आग्रह. नेमका तोच आग्रह इथे आड येतो. "अगं, खाऊन तर बघ", "एवढ्या मायेने केलंय" असं कानावर पडलं की घास चाखण्याचं काम बाजूला राहतं आणि परीक्षा सुरू होते. आधीच सांगून ठेवा: "आई, मला एकच चमचा वाढ. हवी असेल तर मी मागून घेईन. मी खाताना माझ्याकडे बघू नकोस." ताटात टाकायचं नाही हा घरचा नियम असेल तर तोही मोडावा लागत नाही, वाटाण्याएवढ्या तुकड्यात टाकायला उरतच नाही. दुसऱ्यांनी तीच भाजी शेजारी बसून सहज खाणं, हा मात्र मोठा आधार असतो.

सणाच्या भाज्यांपैकी भोगीची भाजी सुरुवातीला चांगली. तीळ आणि दाण्याच्या कुटात घेवडा, वांगं, गाजर, हरभरा सगळेच मवाळ होतात, शिवाय बाजरीची भाकरी असते. ऋषिपंचमीची भाजी मात्र पहिल्या वर्षी एक चमचाच घ्या. अळू, सुरण, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा एकत्र, मसाला जवळजवळ नाही. चोखंदळ जिभेला सगळ्याच तक्रारी एका घासात भेटतात. त्या सगळ्या सुट्या सुट्या ओळखीच्या झाल्या की ही भाजी कळते, आणि तेव्हा फार आवडते.

पंधरा वेळा नीट करूनही एखादी भाजी जात नसेल तर ती सोडा. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा बघा. मात्र खाता येणाऱ्या पदार्थांची यादी पंधरा-वीसवर आली असेल, वजन घटत असेल, गिळताना गुदमरण्याची भीती वाटत असेल, किंवा बाहेर जेवावं लागेल म्हणून लग्नकार्यं टाळली जात असतील, तर हा पाककृतींनी सुटणारा प्रश्न नाही. अन्न टाळण्याच्या अशा विकाराची अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र नोंद झाली आहे, त्यावर उपचार आहेत. आधी डॉक्टर, मग आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जावं.

पावसाळ्यातल्या रानभाज्या

घरच्या पाच-सहा भाज्या उजवीकडे आल्या की रानभाज्यांकडे वळता येतं. पहिल्या पावसानंतर ठाणे, पालघर, रायगड, नाशिकच्या बाजारांत आदिवासी बायका वाटे लावून बसतात. स्वतः रानातून उपटून आणू नका, सारख्या दिसणाऱ्या वनस्पती असतात. घेताना दोन प्रश्न विचारा: "मावशी, यातलं काय टाकायचं?" आणि "उकडून पाणी फेकायचं का?" त्यांच्याइतकं नेमकं उत्तर दुसरीकडे मिळत नाही.

क्रम असा ठेवा. आधी फोडशी, म्हणजे कुलू. गवतासारखी लांब पात, चव सौम्य. पातीच्या मधला टणक दांडा आणि बुडाचा पांढरा कडक भाग काढून बारीक चिरा, कांदा आणि मूगडाळीवर दहा मिनिटांत होते. मग कोवळा टाकळा आणि कुर्डू, लसूण-मिरचीवर परतून. टाकळा जून झाला की चिवट आणि उग्र होतो, तो पहिल्या पावसानंतरच्या काही आठवड्यांतला घ्या. भारंगी कडू असते, चिरून उकडा, पाणी फेका, पिळा, मग भरपूर कांद्यावर करा. शेवळं सगळ्यात शेवटी. ती सुरणाच्या कुळातली, चांगलीच खाजरी. ती विकणाऱ्या बायका बरोबर काकडं नावाची आंबट हिरवी फळं देतात, ती ठेचून त्यांचा रस घातल्याशिवाय शेवळं शिजवू नयेत. पहिल्यांदा तर ती करणाऱ्याच्याच घरी, त्यांच्या हातची खावीत.

विकत घेऊन निवडण्याआधी चव बघायची असेल तर ९ ऑगस्टच्या सुमाराला, जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे, कृषी विभागातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात. तिथे पुष्कळदा शिजवलेल्या भाज्याही मांडलेल्या असतात. वही बरोबर न्या आणि रिकाम्या पोटी जाऊ नका.